वणीचा सुरुंग ते पिनाकाचा अग्निबाण

वणी तालुक्यात उकणी, निलजई, मुंगोली, घोन्सा या पट्ट्यात भोंगा वाजला की पाठोपाठ जमीन हादरते, धुळीचा लोट उठतो आणि भिंतीला गेलेली चीर आणखी थोडी रुंदावते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या खाणींतलं हे नित्याचं ब्लास्टिंग. यवतमाळ जिल्ह्याच्या हद्दीत एकही ऑर्डनन्स फॅक्टरी नाही. तरीही खासगी कंपन्या, त्यांचं तंत्रज्ञान आणि त्यांची माणसं देशाच्या संरक्षणकामात कशी शिरली हे समजून घ्यायचं असेल, तर विदर्भापुरती तरी सुरुवात या सुरुंगापासूनच करावी लागते.

खाणीत कोळशावरचा दगडमातीचा थर फोडण्यासाठी यंत्रानं खोल भोकं पाडतात. भोकाच्या तळाशी एक आखूड, वजनदार नळकांडं सोडतात. त्याला म्हणतात कास्ट बूस्टर. त्यावर टँकरमधून इमल्शन सोडतात, भोकाचं तोंड खडीच्या चुऱ्यानं ठासून बंद करतात आणि माणसं लांब गेली की डेटोनेटर उडवतात. इमल्शन म्हणजे मुख्यतः अमोनियम नायट्रेटचा घट्ट लगदा. तो सहजी उडत नाही, म्हणून तर टँकरमधून रस्त्यानं आणता येतो. त्याला उडवायला बूस्टरचा जबरदस्त धक्का लागतो आणि बूस्टरमध्ये असतात टीएनटी, पीईटीएन अशी अस्सल लष्करी जातीची स्फोटकं. टीएनटी वितळवायचं, त्यात दुसरं स्फोटक मिसळायचं, साच्यात ओतायचं, आत पोकळी किंवा भेग राहू न देता थंड होऊ द्यायचं. तोफगोळ्यात किंवा अग्निबाणाच्या वॉरहेडमध्ये स्फोटक भरण्याचं एक जुनं तंत्रही हेच आहे. खाणीसाठी बूस्टर ओतणारा कारखाना लष्करी कामाच्या उंबरठ्यावरच उभा असतो. आत पाऊल टाकायला त्याला हवा असतो परवाना आणि ऑर्डर.

सोलर इंडस्ट्रीजची गोष्ट नेमकी हीच आहे. सत्यनारायण नुवाल हे मूळचे राजस्थानातल्या भिलवाड्याचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते वणीच्या शेजारच्या बल्लारशाला आले आणि दुसऱ्याचा स्फोटकविक्रीचा परवाना महिना हजार रुपयांनी भाड्यानं घेऊन खाणींना माल पुरवू लागले. १९९५ मध्ये त्यांनी नागपूरजवळ स्वतःचा कारखाना काढला, २००६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २०१० मध्ये लष्करी स्फोटकं बनवण्याचा परवाना मिळाला. पुढचा टप्पा वेगानं गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये या समूहाच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज या कंपनीशी संरक्षण मंत्रालयानं १० लाख हातबॉम्बसाठी ४०९ कोटींचा करार केला. रचना डीआरडीओच्या चंदीगडच्या प्रयोगशाळेची, उत्पादन नागपूरचं. आपले जवान तोवर ज्या नमुन्याचा बॉम्ब वापरत होते, तो पहिल्या महायुद्धातल्या मिल्स बॉम्बच्या घराण्यातला होता. नव्या बॉम्बवर चढवलेलं तुकड्यांचं कवच काढलं की तो चढाईत वापरायचा, ठेवलं की बचावात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका या अग्निबाण सोडणाऱ्या लष्करी यंत्रणेसाठी १०,१४७ कोटींचे करार झाले. त्यात ही खासगी कंपनी, म्युनिशन्स इंडिया ही सरकारी कंपनी आणि सॉफ्टवेअरसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स अशा तिघी आहेत. पिनाकाची मूळ रचना पुण्याच्या एआरडीई या प्रयोगशाळेची. त्याची एक गाडी ४४ सेकंदांत बारा अग्निबाण सोडते.

जगात या विषयाची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर सिलिकॉन व्हॅली येते. तिथली कथा वेगळी आहे आणि ती थोडक्यात सांगून टाकतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं २०१५ मध्ये तिथे स्वतःचं कार्यालय थाटलं, कारण नवं सॉफ्टवेअर आता खात्याच्या प्रयोगशाळांत जन्माला येत नव्हतं. २०१८ मध्ये ड्रोनची चित्रं तपासणाऱ्या ‘मेव्हन’ प्रकल्पाविरुद्ध गुगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या आणि कंपनीनं करार पुढे चालवला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीनं शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता न वापरण्याचं आपलं वचन नियमावलीतून काढून टाकलं. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी लष्करानं तंत्रज्ञान क्षेत्रातल्या चार बड्या मंडळींना राखीव दलात थेट लेफ्टनंट कर्नल केलं. (आपल्याकडे प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल झालेलं सर्वांत ठळक नाव महेंद्रसिंह धोनीचं आहे. कोणाला कशाचं अप्रूप!)

भारतात दार आधी उघडलं ते भांडवलाला. २००१ मध्ये शस्त्रनिर्मिती खासगी क्षेत्रासाठी खुली झाली, पण पहिली दहाबारा वर्षं फारसं काही हललं नाही. ऑर्डरच नव्हत्या. २०१८ मध्ये स्टार्टअपसाठी ‘आयडेक्स’ योजना आली : सैन्य अडचण सांगणार, तरुण कंपन्या उत्तर शोधणार, सरकार दीड कोटीपर्यंत अनुदान देणार आणि तेवढाच वाटा कंपनीनं उभा करायचा. पुढे ही मर्यादा १० कोटी आणि ‘अदिती’ योजनेत २५ कोटींपर्यंत गेली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी दोनशे वर्षांहून जुनी आयुध निर्माणी व्यवस्था मोडून सात सरकारी कंपन्या केल्या गेल्या. त्यांतली यंत्र इंडिया नागपुरात आहे, म्युनिशन्स इंडिया पुण्यात. २०२४-२५ मध्ये देशाचं संरक्षण उत्पादन दीड लाख कोटींवर गेलं आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा २३ टक्के होता. निर्यातीत मात्र चित्र उलटं आहे. २३,६२२ कोटींपैकी १५,२३३ कोटींची निर्यात खासगी कंपन्यांची.

या आकड्यांत विदर्भ मोठा दिसतो आणि त्याला जुनं कारण आहे. देशाच्या पोटातला, कुठल्याही सीमेपासून लांबचा प्रदेश म्हणून इथे दारूगोळा आला. वर्धा जिल्ह्यात पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या आगेमागे भंडारा, भद्रावती आणि अंबाझरी इथे कारखाने उभे राहिले. भद्रावती तर वर्धा नदी ओलांडली की वणीच्या शेजारीच. खाणींमुळे खासगी स्फोटक कारखाने नागपूरभोवती जमले. त्यांना परवाने देणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्थाही नागपुरातच आहे. माल, माणूस आणि परवाना दोन तासांच्या अंतरात मिळावा, असा योग देशात फार थोड्या ठिकाणी जुळून आला असेल. आणि याच टापूत सेवाग्राम आणि पवनार आहेत, ही गोष्ट मनातून जात नाही. अमेरिकेतल्या संगणक अभियंत्यांनी ‘हे काम आम्ही करावं का’ असा प्रश्न विचारला. गांधी-विनोबांच्या जिल्ह्याशेजारी राहणाऱ्या आपल्या अभियंत्यांत तो प्रश्न मी कधी मोठ्यानं विचारलेला ऐकला नाही. उत्तर ‘करावं’ असंच माझं आहे. पण प्रश्न विचारायला हवा.

स्फोटकांनंतर ड्रोन. सोलरनं बंगळूरच्या झेड-मोशन या छोट्या कंपनीबरोबर ‘नागास्त्र-१’ बनवलं. पाठीवर नेता येणारं, लक्ष्यावर घिरट्या घालणारं आणि सापडलं की त्यावर जाऊन आदळणारं हे अस्त्र. लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटनं परत उतरवता येतं. त्यात सुमारे किलोभराचं स्फोटक असतं. सैन्यानं ४८० नगांची ऑर्डर दिली आणि जून २०२४ मध्ये पहिले १२० सुपूर्द झाले. इथे दोन कौशल्यं एकत्र आलेली दिसतात : बंगळूरचा उड्डाण-संगणक आणि नागपूरचा बूस्टर. मार्च २०२५ मध्ये याच कारखान्यात १२५० मीटरच्या धावपट्टीचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं, कारण ड्रोन उडवून पाहायला मोकळी धावपट्टी आणि मोकळं आकाश लागतं.

यवतमाळला विमानतळ आहे. २००९ मध्ये राज्य सरकारनं नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबादबरोबर तोही खासगी कंपनीकडे दीर्घ भाडेपट्ट्यानं दिला. नियमित विमानसेवा काही आली नाही. तिकडे सोलरला स्वतःच्या पैशानं धावपट्टी बांधावी लागते आणि इकडे बांधलेली धावपट्टी ओस पडते. संरक्षण मंत्रालयानं २०२० मध्ये चाचणी-सुविधा योजना आणली, तीत ७५ टक्क्यांपर्यंत खर्च केंद्र देणार होतं. ड्रोनच्या चाचणीकेंद्रासाठी यवतमाळचं नाव कोणी पुढे केलं असतं तर अर्ज अगदीच हास्यास्पद ठरला नसता.

ड्रोनचा विषय या जिल्ह्याला आणखी एका कडू कारणानं जवळचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. पाठीवरचा पंप, उंच वाढलेली पऱ्हाटी आणि तोंडावर येणारा फवारा हे त्यामागचं एक कारण होतं. त्यानंतर ड्रोनफवारणीची चर्चा वाढली. आता हे फवारणीचं यंत्र खोलून पाहा : सहा मोटारी, त्यांचा वेग सांभाळणारी नियंत्रकं, लिथियमची बॅटरी, जीपीएस, उड्डाण-संगणक. युक्रेनच्या आघाडीमागे गॅरेजांत जोडले जाणारे ड्रोन आत पाहिलं तर फारसे वेगळे नाहीत. त्यामुळे दारव्ह्यात किंवा पुसदला शेतीचे ड्रोन दुरुस्त करणारा मुलगा, त्याच्या नकळत का होईना, संरक्षणाला लागणारं कौशल्य शिकत असतो.

घोडं अडतं ते सुट्या भागांपाशी. तयार ड्रोनची आयात सरकारनं २०२२ मध्ये बंद केली, सुटे भाग मात्र येत राहिले आणि त्यांतले बरेच चिनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भाग आढळल्याच्या कारणावरून सैन्यानं ४०० मालवाहू ड्रोनचे सुमारे २३० कोटींचे तीन करार रद्द केले. कंपन्यांना दोष देणं सोपं आहे. पण देशात मोटार आणि चुंबक बनवणारा उद्योग उभा न करता स्वदेशी ड्रोनची निविदा काढली, तर पुरवठादार दुसरं काय करणार?

दुसरी अडचण ऑर्डरींच्या लयीची. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली आयडियाफोर्ज ही नवी मुंबईची कंपनी. ‘थ्री इडियट्स’मध्ये उडालेला ड्रोन तिचाच. जानेवारी २०२१ मध्ये तिला सैन्याची सुमारे दोन कोटी डॉलरची ऑर्डर मिळाली, २०२३ मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि लोकांनी उड्या टाकल्या. पुढे सरकारी खरेदी रेंगाळली. २०२३-२४ मध्ये ३१४ कोटींची उलाढाल होती, ती पुढच्या वर्षी १६१ कोटींवर घसरली आणि कंपनी तोट्यात गेली. मुंबईच्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीची ही तऱ्हा, तर यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीतल्या एखाद्या पाच जणांच्या कारखान्याचं काय? सैन्याच्या खरेदीत ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ नावाचा प्रकार आहे. वस्तू स्वखर्चानं आणायची, वाळवंटात आणि बर्फात चाचणी द्यायची, आणि पास झालात तरी ऑर्डरची हमी नाही. खोल खिशाच्या कंपन्या हे सोसतात. त्यामुळे योजना स्टार्टअपच्या नावानं आणि ऑर्डरी मोठ्यांच्या घरात, असं चित्र वारंवार दिसतं.

आता माणसांकडे येतो, कारण माझ्या मते खरं दुखणं इथे आहे. विदर्भातून बुद्धी निघते हे सांगायला नको. मूर्तिजापूरजवळच्या मुरंब्याचे विजय भटकर नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर पुण्यात सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ तयार झाला. पण तो पुण्यात. यवतमाळात १९९६ पासून जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यात वस्त्रतंत्रज्ञानही शिकवतात. तिथून बाहेर पडणारी मुलं पुण्या-बंगळूरची वाट धरतात. नागपूरच्या स्फोटक पट्ट्यात या भागातून जातं ते मुख्यतः हातांचं काम : आयटीआय झालेली मुलं, बारावी झालेल्या मुली, ठेकेदारामार्फत.

सरकारी कारखान्यांतही फार वेगळं नाही. तिथे ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ असं पद आहे. जिथे स्फोटक हाताळलं जातं त्या इमारतीत काम करणारा माणूस तो. आधी केमिकल प्लँट ऑपरेटरची ॲप्रेंटिसशिप करायची आणि मग नोकरी मिळते ती ठरावीक मुदतीची, वर्षावर्षानं वाढवायची. ज्या कामात पाच-सात वर्षांचा सराव हाच सर्वांत मोठा सुरक्षा-उपाय, त्या कामाला मुदतीची माणसं नेमायची, हा हिशेब मला कधीच कळलेला नाही.

त्याची किंमत या पट्ट्यानं मोजली आहे. २०१६ च्या मे अखेरीस पुलगावच्या डेपोत आग लागून १९ जण गेले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच भागात सोनेगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. मृतांत ठेकेदारानं रोजानं आणलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या सोलरच्या कारखान्यात नऊ जण मेले, त्यांत सहा महिला. जागा होती कास्ट बूस्टरचं युनिट. वर खाणीतल्या भोकात सोडलेलं नळकांडं सांगितलं, तेच. १३ जून २०२४ रोजी धामण्याच्या चामुंडी एक्सप्लोझिव्हजमध्ये सहा जण गेले, जखमींपैकी आणखी काही पुढे दगावले. त्यांत विशीच्या आसपासच्या मुली होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या सरकारी कारखान्यात आठ. या यादीत सरकारी आहेत, खासगी आहेत, लष्करी आहेत आणि निव्वळ खाणीचा माल करणारेही आहेत. त्यामुळे ‘खासगीकरणानं माणसं मारली’ हा निष्कर्ष टिकत नाही, आणि ‘खासगी कंपन्यांची शिस्त चांगली’ हाही नाही. समान धागा एकच दिसतो : सर्वांत धोक्याच्या टेबलाशी सर्वांत कमी शिकवलेला, सर्वांत कमी पगाराचा माणूस उभा असतो. युरोप-अमेरिकेत अशी बरीच भरणी आता यंत्रहातांनी, माणसाला भिंतीपलीकडे ठेवून करतात. ‘तंत्रज्ञान संरक्षणात आणा’ याचा विदर्भापुरता पहिला अर्थ मला तरी हाच लागतो.

बाहेरचं कौशल्य भाड्यानं आणण्याचा प्रयोग मराठ्यांनी फार पूर्वी केला होता. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाकरवी कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाकडून तोफा ओतवल्या. तोफा उत्तम होत्या. १८०३ मध्ये असईला इंग्रजांनीही हे मान्य केलं. पण युद्धाच्या तोंडावर कंपनी सरकारनं पेन्शनचं आमिष दाखवलं आणि अनेक गोरे अधिकारी निघून गेले. खुद्द सेनापती पेराँ शरण गेला. पुढे अडगाव आणि गाविलगड या वऱ्हाडातल्या लढायांत पराभव पदरी आला, ते आपण शाळेत शिकलो. पलटणी शिंद्यांच्या होत्या, पण हुकूम देण्याचं कसब आपल्या माणसांत मुरलं नव्हतं. आज बंगळूरचा उड्डाण-संगणक आणि परदेशी चिप घेऊन आपण नागपुरात अस्त्र जोडतो, तेव्हा शिंद्यांचा हा अनुभव आठवायला हरकत नाही.

यवतमाळपुरतं एक राहून गेलेलं सांगतो. तोफेचा गोळा पुढे ढकलणाऱ्या दारूचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो बनतो, ही विद्या १८४६ पासूनची. त्यासाठी लांब धाग्याचा महागडा कापूस लागत नाही. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहिलेलं आखूड रोम, म्हणजे लिंटर, पुरतं. युक्रेन युद्धात तोफगोळ्यांची टंचाई झाली तेव्हा युरोपच्या लक्षात आलं की आपलं बरंच लिंटर चीनकडून येतं आणि तिथे एकच धावपळ उडाली. आपल्याकडे बहुतेक सरकी रोम न काढताच तेलाच्या घाण्यात जाते आणि ते रोम ढेपेबरोबर म्हशीच्या पोटात. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, उमरखेड, सगळीकडे जिनिंग आहेत. लिंटर वेगळं काढणारी, शुद्ध करून ग्रेडनुसार विकणारी गिरणी ही क्षेपणास्त्राइतकी दिमाखदार गोष्ट नाही. तिच्या उद्घाटनाला कोणी मोठा पाहुणाही येणार नाही. पण तिला स्फोटकाचा परवाना लागत नाही, तिथे स्फोटकं हाताळायची नसतात, वस्त्रतंत्रज्ञान शिकलेल्या इथल्या मुलामुलींना ते काम येतं आणि कच्चा माल अंगणात आहे. जिल्ह्यानं संरक्षण उद्योगात शिरायचंच असेल तर हे दार मला सर्वांत रुंद वाटतं. भंडाऱ्याच्या कारखान्याशी आणि म्युनिशन्स इंडियाशी बोलणी करणं हे जिल्हा उद्योग केंद्राचं काम आहे.

राज्य सरकारनं २०१८ मध्ये हवाई आणि संरक्षण उद्योगाचं स्वतंत्र धोरण काढलं, हजार कोटींच्या निधीची घोषणा केली. त्यातून पुणे, नाशिक, नागपूर ही नावं पुढे आली. त्या नकाशावर यवतमाळ आजवर आलं ते कोळसा आणि मजूर पुरवणारा जिल्हा म्हणून. हे बदलायचं तर मोठ्या कंपनीला जमीन देण्याआधी तिच्याकडून लिहून घ्यायला हवं की रचना आणि चाचणी विभागात इथल्या महाविद्यालयांतली किती मुलं घेणार, आणि स्फोटक हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाला आपल्या नावानं, आपल्या पगारपत्रकावर नेमणार की ठेकेदाराच्या.

तोवर ज्यांच्या घरातली मुलगी किंवा मुलगा बाजारगाव, काटोल, भद्रावतीकडे कामाला निघाला आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. नेमणूकपत्र कोणाच्या सहीचं आहे ते पाहा. कोणत्या इमारतीत, कोणत्या मालावर काम आहे ते विचारा. पहिल्या दिवसाआधी प्रशिक्षण किती दिवसांचं, हे लेखी घ्या. पीएफ आणि ईएसआयसीचा नंबर पहिल्याच महिन्यात मागा. जी कंपनी या चार प्रश्नांची उत्तरं द्यायला का-कू करते, तिथे मुलांना पाठवू नका.